मराठी शब्दखेळ गोडोमध्ये: एआय मदतनीस कुठे चालतो, कुठे अडखळतो

सहा प्रयत्नांत दडलेला शब्द ओळखायचा, हा खेळ इंग्रजीत एका दुपारी लिहून होतो. मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच तासाला प्रश्न उभा राहतो: ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती? आपण चार म्हणतो: म, हा, रा, ष्ट्र. संगणक दहा म्हणतो. कोड लिहून देणारा एआय मदतनीसही दहाच धरून चालतो आणि त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा करून देतो. हौशी प्रोग्रामरने एआयची साधनं कशी वापरावीत हे शिकायला हा खेळ म्हणूनच उत्तम आहे. काम लहान आहे, पण भाषा कळल्याशिवाय ते बरोबर होत नाही.

खेळ आपण गोडोत, म्हणजे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिणार आहोत. त्यातली फंक्शनची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरच्या मदत-पानात शोधताना ती इंग्रजीत टाइप करा.

सामान

गोडोची ४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आणि ‘स्टँडर्ड’ घ्या, सी-शार्प भाषेसाठीची ‘डॉटनेट’ नको. गोडो ४ मध्ये सी-शार्पमधला प्रकल्प वेबसाठी एक्सपोर्ट होत नाही, आणि हा खेळ लोक ब्राउझरमध्येच खेळणार आहेत. नवा प्रकल्प उघडताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) ‘कॉम्पॅटिबिलिटी’ निवडा, कारण वेबवर तोच चालतो. खिडकीचा आकार ७२० बाय १२८०, स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’.

मदतनीस म्हणून ब्राउझरमधला कोणताही चॅटबॉट चालेल. पण घरच्या यंत्रावर चालणारं मॉडेल असलं तर रोजच्या मर्यादेची भीती राहत नाही आणि नेट गेलं तरी काम थांबत नाही. घरच्या यंत्रावर मॉडेल चालवणारं ओलामा बसवा आणि त्यात क्वेन २.५ कोडरचं ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल उतरवून घ्या. डाउनलोड साधारण ४.७ जीबी आहे. ८ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डवर ते नीट मावतं. कार्ड नसेल तर १६ जीबी रॅमवर चालतं, पण उत्तर हळूहळू उमटतं.

इथे एक गोष्ट सुरुवातीलाच बदला. ओलामा मॉडेलला एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवू देतो, ती मर्यादा मुळात फार तोकडी ठेवलेली असते. तुम्ही लांब फाइल चिकटवली की आधीचा भाग गुपचूप गळतो, कसलीही सूचना येत नाही, आणि मॉडेल मग डोळे झाकल्यासारखं उत्तर देतं. ‘नम सीटीएक्स’ हे पॅरामीटर ८१९२ करा. या मॉडेलला त्यासाठी साधारण अर्धा जीबी मेमरी जास्त लागते. ‘टेंपरेचर’ ०.२ वर आणा, कारण कोड लिहिताना कल्पकता नको असते. मग ‘ओलामा पीएस’ ही आज्ञा चालवून पाहा. मॉडेलचा काही भाग प्रोसेसरवर ढकललेला दिसला, तर मर्यादा ४०९६ वर आणणं बरं.

सांगायचं कसं

गोडो ३.० जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि ४.० मार्च २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत लोकांनी लिहिलेला ढीगभर जुना कोड नेटवर पडून आहे आणि मॉडेल त्यातूनच शिकली आहेत. त्यामुळे न सांगता विचारलं तर अर्धा कोड ३ चा आणि अर्धा ४ चा येतो. दिसायला तो अगदी बरोबर वाटतो, चालवला की लाल ओळी येतात. जुन्याच्या खुणा ओळखायला शिका. ‘यील्ड’ दिसलं तर तिथे आता ‘अवेट’ लागतं. ‘इन्स्टन्स’चं ‘इन्स्टँशिएट’ झालं आहे. ‘एक्सपोर्ट’ शब्दापुढे आता ॲटचं चिन्ह येतं. फाइल उघडायला ‘फाइल’ नव्हे, ‘फाइल ॲक्सेस’. ‘रँड रेंज’ गेलं, त्याजागी पूर्णांकासाठी ‘रँडआय रेंज’ आणि अपूर्णांकासाठी ‘रँडएफ रेंज’. सर्वांत जास्त वेळा चुकतो तो सिग्नल (बटण दाबल्यासारख्या घटनेची वर्दी) फंक्शनला जोडण्याचा भाग. अवतरणात नाव, मग ‘सेल्फ’, मग पुन्हा अवतरणात फंक्शनचं नाव अशी ओळ दिसली की ती जुनी समजा. आता बटणाच्या ‘प्रेस्ड’ सिग्नलवरच ‘कनेक्ट’ म्हणतात आणि फंक्शन थेट देतात.

प्रत्येक संभाषणाच्या डोक्यावर पाच-सहा ओळींचा ठरावीक मजकूर चिकटवा: गोडोची आवृत्ती, भाषा जीडीस्क्रिप्ट (गोडोची स्वतःची), प्रत्येक चलाला प्रकार लिहायचा, एका वेळी एकच फंक्शन, न विचारता दुसऱ्या फाइलला हात लावायचा नाही. प्रकार लिहायला लावल्याचा फायदा हा की निम्म्या चुका खेळ चालवण्याआधी एडिटरच दाखवतो. सूचना साध्या इंग्रजीत द्या आणि उदाहरणं देवनागरीत. एवढ्या लहान मॉडेलला मराठी जेमतेम कळतं, शिवाय देवनागरी मजकुराचे तुकडे जास्त पडत असल्याने तीच सूचना मर्यादेतली जास्त जागा खाते.

मदतनिसाला काही बदलायला सांगण्याआधी गिटमध्ये कमिट करा, म्हणजे कोडची त्या क्षणाची प्रत नोंदवून ठेवा, दर वेळी. दोन प्रयत्नांत चूक सुटली नाही तर संभाषण बंद करून कमिटवर परत या आणि प्रश्न नव्याने, अधिक लहान करून मांडा. त्याच संभाषणात घासत बसलं की मॉडेल स्वतःच्याच चुकीच्या कोडला धरून पुढे जातं.

अक्षरं सोडवणं

या खेळाचा कणा इथे आहे, म्हणून हे फंक्शन मदतनिसाच्या भरवशावर सोडू नका. नियम तुम्ही लिहा, कोड त्याला लिहू द्या.

गोडोतली ‘लेंग्थ’ युनिकोडचे संकेत मोजते. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. ‘महाराष्ट्र’मध्ये म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा संकेत आहेत. आपल्याला हवे आहेत अक्षरगट. नियम असा: शब्दातल्या प्रत्येक संकेताचा क्रमांक ‘युनिकोड ॲट’ने घ्या. तो क्रमांक २३०४ ते २३०७, २३६२ ते २३६४ किंवा २३६६ ते २३८३ यांत बसत असेल, तर ते स्वरचिन्ह, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त आहे. त्याला आधीच्या गटाला चिकटवा. आधीचा संकेत हलन्त, म्हणजे २३८१, असेल तर आताचं व्यंजनही त्याच गटात जातं. बाकी सगळं नवा गट सुरू करतं. २३६५ मुद्दाम वगळला आहे, तो अवग्रह आहे.

गोडोच्या टेक्स्ट सर्व्हरमध्ये, म्हणजे मजकूर मांडणाऱ्या भागात, अक्षरांच्या सीमा सांगणारं तयार फंक्शन आहे. मदतनीस कधी कधी तेही सुचवतो. पण जोडाक्षर एक धरायचं की तोडायचं याचा युनिकोडचा नियम १५.१ या आवृत्तीत बदलला, त्यामुळे उत्तर तुमच्या गोडोत कोणती लायब्ररी आहे यावर ठरतं. खेळाचा कणा अशा गोष्टीवर टेकवू नये. वरचा नियम वीस ओळींचा आहे आणि कायम तुमच्या ताब्यात राहतो.

गट पाडण्याआधी शब्द एकसारखा करून घ्यावा लागतो, आणि यात क्रमाला फार महत्त्व आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन-तीन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हा स्वतंत्र संकेत (२३५३) देतात. काही र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडणारा संकेत (८२०५) देतात. क्वचित र आणि नुक्ता (२३६४) असे दोन तुकडेही येतात. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून आधी २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी सापडली की तिची २३५३, २३८१ करा. २३५२ आणि २३६४ ही जोडी सापडली की तिचा २३५३ करा. त्यानंतरच उरलेले ८२०४ आणि ८२०५ काढून टाका. मदतनीस नेहमी ‘आधी अदृश्य संकेत काढू’ म्हणतो. तसं केलं तर ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर चढतो आणि शब्दाची वाट लागते. ॲचंही असंच आहे: अ (२३०९) आणि अर्धचंद्र (२३७३) अशी जोडी आली किंवा हिंदी वळणाचा ऍ (२३१७) आला, तर दोन्हींच्या जागी २४१८ ठेवा.

आता चाचणी. हे शब्द आणि अपेक्षित आकडे आधी लिहून ठेवा, मगच मदतनिसाकडे कोड मागा: महाराष्ट्र ४, क्षत्रिय ३, चंद्र २, दुःख २, जगत् ३, दुसऱ्या ३ (तिन्ही प्रकारे टाइप करून), मऊ २. अट खोटी ठरली की खेळ थांबवणारं ‘असर्ट’ वापरत असाल तर लक्षात ठेवा की ते फक्त डीबगमध्ये चालतं, प्रकाशित खेळात नाही. म्हणून चाचण्या एका वेगळ्या सीनमध्ये ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर चालवा. एखादा आकडा चुकला तर मदतनिसाला ‘चूक आहे’ एवढंच सांगून भागत नाही. शब्द, त्याचे सगळे संकेत-क्रमांक, मिळालेले गट आणि हवे असलेले गट असं चार ओळींत द्या. एवढं दिलं की लहान मॉडेलही बहुधा पहिल्या फटक्यात दुरुस्त करतं.

रंग भरणं

प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षरांची घरं रंगतात: हिरवा म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळा म्हणजे आहे पण दुसरीकडे, करडा म्हणजे नाही. मदतनीस हे एकाच फेरीत डावीकडून उजवीकडे तपासून देतो. दडलेला शब्द ‘बळकट’ आणि खेळाडूने लिहिलं ‘खटपट’, तर तो दुसऱ्या घरातला ट पिवळा करतो आणि चौथ्या घरातला हिरवा. शब्दात ट एकच आहे, खेळाडूला मात्र दोन असल्याचा भास होतो आणि तो पुढचे दोन प्रयत्न वाया घालवतो. फेऱ्या दोन हव्यात. पहिल्या फेरीत फक्त हिरवे ठरवा आणि दडलेल्या शब्दातलं न जुळलेलं प्रत्येक अक्षर किती वेळा उरलं ते एका डिक्शनरीत मोजा. दुसऱ्या फेरीत उरलेल्या घरांसाठी त्या मोजणीतून एकेक वजा करत पिवळा द्या, मोजणी शून्य झाली की करडा. ‘टरबूज’ दडवून ‘खटपट’ टाकलं तर पहिला ट पिवळा आणि दुसरा करडा यायला हवा. या दोन्ही जोड्या चाचणीत घाला.

मराठीसाठी चौथा रंग लागतोच असं आमचं ठाम मत आहे. ‘सकाळ’ दडलेला असताना कुणी ‘सुकाळ’ लिहिलं, तर पहिलं घर करडं दाखवणं अन्यायाचं आहे. व्यंजन बरोबर आहे, चुकली ती मात्रा. बाराखडीमुळे प्रत्येक व्यंजनाची इतकी रूपं होतात की ही मदत नसेल तर सहा प्रयत्न पुरत नाहीत. अक्षरातून २३६६ ते २३८० या क्रमांकांची स्वरचिन्हं काढून जे उरतं ते त्याचं खोड. त्याच घरात खोड जुळलं आणि अक्षर जुळलं नाही, तर निळा. हा तपास हिरव्यानंतर आणि पिवळ्याआधी करा, पण निळ्यासाठी मोजणीतून काही वजा करू नका. असा निर्णय मदतनीस आपणहून कधी सुचवत नाही. खेळात मजा कशाने येते हे चार ओळखीच्या माणसांना खेळायला देऊनच कळतं.

कळफलक आणि फॉन्ट

खेळाडूच्या फोनवरच्या मराठी कीबोर्डवर विसंबू नका. पडद्यावर स्वतःचा कळफलक द्या. क ते ह ३३ व्यंजनं, ळ आणि ऱ मिळून ३५ होतात, म्हणजे सात स्तंभांच्या ग्रिडमध्ये बरोबर पाच ओळी. खाली स्वर, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त, खोडण्याची कळ आणि ‘ठीक’. बटणं कोडमधून एका लूपमध्ये तयार करा आणि प्रत्येकाचा सिग्नल जोडताना ‘बाइंड’ने ते अक्षर सोबत द्या. एकटी मात्रा बटणावर ठिपक्यांच्या वर्तुळासह उमटते, तशीच राहू द्या, मराठी वाचकाला ती लगेच कळते.

व्यंजनानंतर स्वर दाबला की आपोआप मात्रा लागावी, म्हणजे कळा वाचतील, अशी युक्ती मदतनीस आवर्जून सुचवतो. ती घेऊ नका. मग ‘मऊ’ लिहिताच येत नाही, ‘मू’ होतो.

खोडण्याची कळ एक संकेत खोडेल की पूर्ण अक्षर? एक संकेत खोडणं बरं. ‘ष्ट्र’ लिहिताना शेवटचा र चुकला तर आख्खं जोडाक्षर पुन्हा लिहायला लागू नये.

गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. संगणकावर ते जाणवत नाही, कारण तिथे तो यंत्रणेतला फॉन्ट उसना घेतो. वेबवर ही सोय नाही आणि सगळीकडे चौकोन दिसतात. नोटो सॅन्स देवनागरी प्रकल्पात ठेवा आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथे लावा. परवान्याची मजकूर-फाइलही सोबत ठेवा. लेबलच्या ‘लँग्वेज’ गुणधर्मात मराठीचा एमआर हा कोड भरा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते त्यामुळे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. घरांना वरून-खालून किमान ८ पिक्सेल मोकळी जागा द्या, वेलांटी आणि उकार तिथेच कापले जातात.

सूचना एकेक अक्षर उमटत यावी असं वाटत असेल तर लेबलचं ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ मूळ सेटिंगवर ठेवू नका. मूळ सेटिंगमध्ये मजकूर आधी कापला जातो आणि मग जुळवला जातो, त्यामुळे ‘क्ष’ आधी पाय मोडलेला ‘क्’ म्हणून दिसतो आणि मग उडी मारून बदलतो. ‘आफ्टर शेपिंग’ निवडा.

शब्दांची यादी

इथे एआय वापरू नका. चारशे शब्द मागितले की त्यात ‘पानी’ येतं, ‘गाँव’ येतं, आणि मराठी वाटतील पण कुठल्याही कोशात नाहीत असेही शब्द येतात. यादी हाताने करा, शुद्धलेखन कोशात बघा. तीनशे नेमके शब्द संशयास्पद तीन हजारांपेक्षा चांगले. मदतनिसाकडून हवी ती तपासणीची स्क्रिप्ट: प्रत्येक शब्दाचे गट मोजणारी, दुबार शब्द शोधणारी आणि नुक्ता किंवा चंद्रबिंदू सापडला की ओरडणारी.

यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. सीएसव्ही ठेवली तर गोडो तिला भाषांतराची फाइल समजून आयात करतो. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य संकेत जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक शब्द एका अक्षराने लांब भरतो. म्हणून प्रत्येक ओळीवर ‘स्ट्रिप एजेस’ लावा.

सगळ्यांना रोज एकच शब्द हवा असेल तर १९७० पासूनच्या सेकंदांना ८६४०० ने भागून आजचा दिवस-क्रमांक काढतात. मदतनिसाचा कोड हे ग्रिनिचच्या वेळेने करतो आणि आपल्याकडे शब्द पहाटे साडेपाचला बदलतो. भागण्याआधी १९८०० मिळवा. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये खेळणाऱ्यालाही मग पुण्यातल्या भावंडाइतकाच, त्याच क्षणी नवा शब्द मिळतो आणि निकाल ताडून बघता येतात. सेकंदांचा आकडा अपूर्णांकात मिळतो आणि बाकी काढण्याचं चिन्ह पूर्णांकांवरच चालतं, तेव्हा आधी पूर्णांक करून घ्या. मग यादीच्या लांबीने भागून उरलेली बाकी म्हणजे आजचा शब्द. यादीतल्या शब्दांचा क्रम आधीच एकदा उलटसुलट करून ठेवलेला असावा.

बाहेर काढणं

एडिटरमध्ये चाललेला खेळ वेबवर रिकामा दिसला, तर पहिला संशय यादीवर घ्या. टेक्स्ट फाइल एक्सपोर्टमध्ये आपोआप जात नाही. एक्सपोर्टच्या ‘रिसोर्सेस’ टॅबमध्ये, रिसोर्स नसलेल्या फाइलींच्या गाळणीत तिचा प्रकार लिहावा लागतो. दुसरा संशय जतन करण्यावर. मदतनीस गुण ‘रेस’ने सुरू होणाऱ्या मार्गावर लिहितो. तो मार्ग एडिटरमध्ये चालतो, एक्सपोर्ट झाल्यावर फक्त वाचण्यापुरता उरतो. ‘युझर’ने सुरू होणारा मार्ग वापरा.

वेब एक्सपोर्टमध्ये ‘थ्रेड सपोर्ट’ (कामं समांतर चालवण्याची सोय) बंद ठेवा. ४.३ पासून एका थ्रेडवर चालणारा वेब एक्सपोर्ट आला, त्यामुळे सर्व्हरवर खास हेडर लावण्याची कटकट गेली. फाइलीवर दोनदा क्लिक करून तपासू नका, ब्राउझर ती तशी चालवू देत नाही. एडिटरमधलंच ब्राउझरमध्ये चालवण्याचं बटण वापरा.

इच डॉट आयओ या खेळ प्रकाशित करण्याच्या संकेतस्थळावर चढवताना मुख्य फाइलीचं नाव ‘इंडेक्स’ असू द्या आणि ती झिपमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर असू द्या, आतल्या फोल्डरमध्ये नको. उघडलेल्या झिपमध्ये हजारापेक्षा जास्त फाइली चालत नाहीत, पण हा खेळ त्या हद्दीच्या जवळपासही जात नाही. फॉर्ममध्ये एआय वापरलं का हे विचारतात आणि चित्रं, आवाज, मजकूर, कोड असं वेगवेगळं नोंदवता येतं. कोडसाठी ‘हो’ म्हणा, शब्दांसाठी ‘नाही’. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही जानेवारी २०२४ पासून आधी तयार केलेला आणि खेळताना तयार होणारा, असा दोन्ही प्रकारचा एआय मजकूर जाहीर करावा लागतो. तिथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात आणि १००० डॉलरची कमाई झाली की ते परत मिळतात. मोफत शब्दखेळासाठी तो खर्च करण्याचं कारण नाही.

पान जाहीर करण्याआधी एक स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या, मोबाइल डेटावर खेळ उघडा आणि ‘बळकट’ दडवून ‘खटपट’ लिहा. दुसरं घर करडं आणि चौथं हिरवं आलं की झिप कायम करा.